वर, खाली, वर, खाली: ही वीण चुकत का नाही?

पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिलानमध्ये लिओनार्दो दा विंचीच्या आराखड्यांवरून सहा तांबेकोरीव चित्रं छापली गेली. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी दोरी वळत, वेटोळी घेत अख्खं वर्तुळ भरून टाकते. त्याचा चरित्रकार वासारी कुरकुरला, की असल्या गाठी काढण्यात लिओनार्दोने वेळ वाया घालवला. मला हे अजिबात पटत नाही. त्याच सुमारास, १४९८ मध्ये, स्फोर्झा किल्ल्यातल्या दालनाच्या छतावर तो तुतीच्या फांद्यांमधून सोनेरी दोरी ओवत होता. त्याच्या मनाने हा विषय धरूनच ठेवला होता.

चित्रातली कोणतीही एक दोरी बोटाने धरून पुढे जा. एका छेदावर, म्हणजे दोरी दोरीला ओलांडते तिथे, ती वरून जाते, पुढच्यावर खालून, मग पुन्हा वरून. शेकडो छेद असूनही शेवटी सगळं जुळतं. का?

कागदावर पेन न उचलता मनसोक्त गिरगटा आणि सुरुवातीच्या बिंदूवर परत या. फक्त एकाच जागी तीन रेघा भेटू देऊ नका. तयार झालेले कप्पे बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे रंगवा. दोन रंग नेहमी पुरतात. आता रेघेवरून चालताना प्रत्येक छेदाला डाव्या हाताचा रंग बदलतो. नियम एवढाच: छेदाशी पोचताना डावीकडे काळा असेल तर वरून जायचं, पांढरा असेल तर खालून. त्याच छेदावर येणाऱ्या दुसऱ्या रेघेला डावीकडे नेमका उलटा रंग दिसतो, म्हणून भांडण होतच नाही. बंद दोऱ्या एक असो वा दहा, हे कायम खरं.

दोऱ्या किती, हा मात्र वेगळा प्रश्न. साध्या आयताकृती विणीत त्याचं उत्तर मसाविमध्ये दडलेलं असतं: एका बाजूला ४ आणि दुसरीला ६ वळणं असतील तर दोन दोऱ्या, ४ आणि ५ असतील तर एकच.

जर्मन चित्रकार ड्यूररने १५०६-०७ च्या सुमारास लिओनार्दोच्या या सहाही नक्षा लाकडात कोरल्या आणि मूळ चित्रांच्या मधोमध असलेला, लिओनार्दोच्या अकादमीच्या नावाचा मजकूर गाळला. लाकूड इथे सोयीचं ठरतं: न कोरलेला भाग काळा छापतो, त्यामुळे फक्त दोरी कोरून काढायची. तांब्यात उलट, कोरलेल्या चरीत शाई बसते. काळी पार्श्वभूमी हवी तर बारीक रेघांनी सगळी जागा भरावी लागते. पुढे १५२१ मध्ये, नेदरलँड्सच्या प्रवासातल्या रोजनिशीत, ड्यूरर त्यांना नुसतं 'सहा गाठी' म्हणतो.