फळमाशीचा ट्रॅप हवाय? आधी पीक सांगा

सीझन आला की व्हॉट्सॲपवर रोज तोच मेसेज, "दादा फळमाशीचे दहा ट्रॅप पाठवा", पीक कोणतं ते लिहिलेलंच नसतं, आणि आम्ही उलट विचारलं की काहींना वाटतं हे उगाच टाइमपास करतायत. पण विचारल्याशिवाय आम्ही माल देत नाही.

डबा सगळ्यांना सारखाच असतो, खरं काम आतल्या ल्यूरचं, म्हणजे वासाने माशी ओढणाऱ्या आमिषाचं. आंबा-पेरूवरची माशी मिथाईल युजेनॉलला येते आणि कारलं, दोडका, काकडी, भोपळा ह्या वेलांवरची क्यू ल्यूरला. आता कारल्याच्या मांडवात मिथाईल युजेनॉल टांगलं तर डबा भरेलसुद्धा, पण शेजारच्या पेरूच्या माश्यांनी! तुम्ही खूश, आणि तिकडे कारली वाकडी होऊन सडतायत, हे लक्षात येईपर्यंत दोन तोडे गेलेले असतात. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी ह्याच एका चुकीच्या.

हल्ली टेरेसवर ऑलिव्हची कुंडी ठेवणारे पण विचारतात. ऑलिव्हची फळमाशी वेगळी, तिची अळी फक्त ऑलिव्ह आणि त्याच्या रानटी जातभाईंच्या फळातच वाढते, आपल्या पेरूला ती शिवत नाही. भूमध्य समुद्राकाठचे देश, आफ्रिका, पाकिस्तानातले रानऑलिव्ह, आणि १९९८ पासून कॅलिफोर्निया, असा तिचा पसारा. तिथले व्हिडिओ बघून लोक पेरूसाठी पिवळी चिकट कार्डं आणि अमोनियाचं आमिष मागतात, पण पेरूच्या माशीवर मिथाईल युजेनॉलच्या तोडीचा उपाय तो नाही. आणि पुण्याच्या सौम्य थंडीत ऑलिव्हला सहसा फळच धरत नाही, तर ट्रॅप कशाला घेताय, आम्ही तो विकतही नाही.

अजून एक, ल्यूरला फक्त नर येतात. अंडी घालणारी मादी बागेतच राहते, म्हणून गळलेली डागी फळं रोज वेचून खोल पुरा, नाहीतर अळी फळातून निघून मातीत कोष करते आणि पुढची पिढी तयार. पेरू लहान असतानाच पिशवी घातली तर अजून चांगलं, पिशव्या आमच्याकडे मिळतात.

दोन्ही ल्यूर एकाच हाताने हाताळू नका, वास मिसळतो. फोडलेलं पाकीट परत घेत नाही ते ह्याच कारणाने, कृपया राग मानू नका.

ऑर्डर देताना पीक, क्षेत्र आणि शेजारी काय लावलंय एवढं लिहा, शेजारचं पीक कळलं की ट्रॅप कुठल्या बांधाला लावायचे तेही आम्ही सांगतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.