ताम्हणाआडचा काटा

फोंड्याला उच्च माध्यमिकच्या प्रयोगशाळेत आम्ही दोन कॉइल समोरासमोर ठेवून मधे घरून आणलेले तांब्याचे ताम्हण उभे केले होते. एका कॉइलला बॅटरी, दुसरीला गॅल्व्हॅनोमीटर, म्हणजे वीज वाहिली की काटा हलवणारे यंत्र. कळ दाबली की काटा उडायचा, ताम्हण असले काय नि नसले काय, जवळपास सारखाच. एका कॉइलमधला प्रवाह बदलला की शेजारच्या कॉइलमध्ये वीज उठते, ते प्रवर्तन; धातू आड आला की ते अडते, हे आम्ही घोकलेले. तोंडे पडली.

हा घोळ जुनाच आहे. 29 ऑगस्ट 1831 रोजी मायकेल फॅरडेने लोखंडी कड्यावर दोन कॉइल गुंडाळून प्रवर्तन दाखवले. पुढे त्याने कॉइलींच्या मधे तांब्याचा पत्राही घालून पाहिला. गॅल्व्हॅनोमीटरला फरक कळेना. प्रिन्स्टनच्या जोसेफ हेन्रीला 1838 साली नेमके उलटे आढळले. त्याचे मापयंत्र म्हणजे स्वतःचे अंग: दुसऱ्या कॉइलची टोके धरायची आणि झटका किती बसतो ते पाहायचे. मधे शिशाची गोल चकती सरकवली की झटका जवळजवळ नाहीसा. मग त्याने चकतीतून त्रिज्येच्या रेषेत एक पट्टी कापून काढली, आणि झटका होता तसा परतला! धातू जवळपास तेवढाच, जाडी तीच. तुटली ती प्रवाहाची गोल फिरायची वाट. या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत देखणा वाटणारा प्रयोग हाच. (ताम्हणाला अशी चीर पाडू द्यायला आई अर्थातच तयार झाली नसती.)

चुकले दोघेही नव्हते. पत्र्यात गोल फिरत उठणारे प्रवाह, म्हणजे भोवरी प्रवाह, बदलाला विरोध करतात, पण लगेच विझतात. म्हणजे पलीकडे पोचायचे ते सगळे पोचते, फक्त रेंगाळत. गॅल्व्हॅनोमीटरचा काटा एकूण किती वीज वाहिली ते सांगतो. झटक्याला मात्र ती एकदम यावी लागते. 1880च्या दशकात समुद्री तारांचे इंजिनिअर विलोबी स्मिथ यांनी प्रवाहाची दिशा झपाट्याने उलटसुलट करत निरनिराळ्या धातूंचे पत्रे तपासले: उलटापालट जितकी जलद, तितका अडसर मोठा. आजच्या हिशेबात 50 हर्ट्झला तांब्यात सुमारे 9 मिलिमीटर आत गेल्यावर क्षेत्राचा जोर 37 टक्क्यांवर येतो. 20 हजार हर्ट्झला अर्ध्या मिलिमीटरातच.

दुसऱ्या दिवशी सरांनी बॅटरीच्या जागी झपाट्याने उलटसुलट होणारा प्रवाह देणारा सिग्नल जनरेटर लावला आणि गॅल्व्हॅनोमीटर काढून हेडफोन दिला. कानात बारीक शिट्टी. ताम्हण मधे आले की दबायची, हटवले की पुन्हा कर्कश. वर्गातल्या प्रत्येकाला ऐकायचे होते, आणि मला ताम्हण चवथीआधी घरी पोचवायचे होते.