तापमानवाढ: वाद नेमका कशाचा होता?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. कुलाब्यात त्याच वेळात जेमतेम ७३. पाणी ओसरलं आणि घरोघरी वाद सुरू झाला. कुणी म्हणे, ही जागतिक तापमानवाढ. कुणी म्हणे, मिठी नदी बुजवली तुम्ही आणि खापर कार्बनवर फोडता!

मिठीचा मुद्दा खराच होता. पण नदी बुजवल्याने पाणी तुंबतं, ढग जास्त बरसत नाहीत. आणि एका दिवसाच्या पावसावरून हवामान बदललं असंही म्हणता येत नाही, त्याला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासल्या. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात, मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं त्यांना २०१७ मध्ये दिसलं. त्यामागे तापणारा अरबी समुद्र आणि तिथून येणारं वाढीव बाष्प होतं.

मूळ विज्ञान मात्र आपल्या गिरण्यांइतकं जुनं आहे. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १८५३ मध्ये धावली, पुढच्याच वर्षी कावसजी दावरांनी मुंबईतली पहिली कापडगिरणी स्थापन केली. कोळशाचं युग इथे असं उजाडत असताना, १८५६ मध्ये अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरले, आत तापमापक ठेवले आणि ती उन्हात मांडली. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सर्वांत जास्त तापलं आणि सावलीत नेल्यावर निवायलाही खूप वेळ लागला. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. १८९६ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियसने त्याचं गणितही मांडलं.

त्यावर पहिला भक्कम आक्षेप स्वीडनमधूनच आला. १९०० मध्ये नूट ऑंगस्ट्रॉम म्हणाला, हा वायू जेवढी उष्णता शोषू शकतो तेवढी आधीच शोषतो आहे, आणखी भर पडून काय होणार? मला हा आक्षेप फार मोलाचा वाटतो. त्याचं पुरतं उत्तर मिळायला अर्धं शतक गेलं. उष्णता अवकाशात निसटते ती वरच्या विरळ, थंड थरांतून. तिथे वायू वाढला की ती आणखी उंचावरून, आणखी थंड थरातून निसटते, आणि थंड थर उष्णता कमी फेकतो, म्हणजे कमी निसटते. जाड गोधडीवर आणखी एक गोधडी टाकावी, तसं.

१९५८ मध्ये चार्ल्स कीलिंगने हवाईच्या मौना लोआवर मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आज ४२० च्या वर आहेत.

नंतरचे आक्षेप आपण आजही ऐकतो. सूर्यच जास्त तापला असेल? उपग्रह १९७८ पासून सूर्य मोजत आहेत, त्याचं तेज वाढलेलं नाही. शिवाय खालची हवा तापताना स्थितांबर, म्हणजे ढगांच्याही वरचा हवेचा थर, थंड होतो आहे, सूर्य कारण असता तर तोही तापला असता. वेधशाळांभोवती काँक्रीट वाढलं, म्हणून पारा चढला? विमानतळाशेजारचं सांताक्रूझ पाहिलं की हे पटतंही. याच शंकेने रिचर्ड म्यूलर या भौतिकशास्त्रज्ञाने सगळ्या नोंदी नव्याने तपासल्या आणि २०१२ मध्ये जाहीर कबुली दिली, की वाढ खरी आहे आणि जवळपास सगळी माणसामुळे आहे. समुद्रही तापलाय, तिथे कुठे इमारती आहेत?

शास्त्रज्ञही चुकले. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, हे आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-शास्त्रज्ञांच्या मंडळाच्या, २००७ च्या अहवालातलं विधान निराधार होतं, ते २०१० मध्ये मान्य करावं लागलं. त्या चुकीने विश्वासाला तडा गेला, आणि तो जायलाच हवा होता. पण मूळ निष्कर्ष त्या एका ओळीवर उभा नव्हता. माणसामुळे पृथ्वी तापली हे निर्विवाद आहे, असं आयपीसीसीने २०२१ मध्ये लिहिलं.

भारतातला वाद वेगळाच होता. १९९१ मध्ये दिल्लीतले पर्यावरण अभ्यासक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी विचारलं, गरिबाच्या भातशेतीतून निघणारा मिथेन, हाही उष्णता अडवणारा वायू, आणि श्रीमंत देशातल्या मोटारींचा धूर एकाच तागडीत कसे तोलता? एक जगण्यासाठी, दुसरा चैनीसाठी. मुंबईने २०२२ च्या कृती आराखड्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, म्हणजे जेवढे वायू सोडू तेवढेच शोषून घेण्याचं, लक्ष्य ठेवलंय, देशाच्या २०७० च्या वीस वर्षं आधी. तेव्हा अगरवाल-नारायणांचा तोच प्रश्न आता शहराच्या आत विचारायला हवा: मे महिन्यात पत्र्याखाली एक पंखा फिरवणारं घर आणि प्रत्येक खोलीत एसी लावणारा टॉवर यांच्यात ही कपात कशी वाटायची?