म्हातारी वेल आणि लाल वाइन

अथणी तालुक्यात तेलसंगच्या बाजूला माझ्या मामांची दोन एकर द्राक्षबाग आहे. वाण सोनाका, मंडपावर चढवलेली, वय २४ वर्षं. आमच्या भागात एवढ्या वयाची बाग म्हणजे म्हातारीच. बारा-पंधरा वर्षं झाली की माल घटतो, मण्याला फुगवण मिळत नाही, आणि लोक बाग काढून नवी लावतात. मामांनी मात्र राखली. बेदाण्याला चालते म्हणतात.

एप्रिलमध्ये खरड छाटणी चालू असताना मावसभाऊ ॲडलेडहून आला आणि येताना लाल वाइनची बाटली घेऊन आला. एका छोट्या बागेतल्या शिराझ नावाच्या काळ्या द्राक्षाची, वेली शंभर वर्षांपुढच्या. मामा माळकरी, त्यांनी पेल्याला हात लावला नाही. पण भावाच्या फोनवरचा त्या बागेचा फोटो चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मांडीएवढं जाड, पीळ पडलेलं, मधोमध चिरलेलं खोड.

"ह्याचा डावा ओलांडा मेलाय की रे. खालनं फुटवा घेऊन नवा केलाय. हे बघ, हितं जोड दिसतोय."

ओलांडा म्हणजे खोडावरून तारेवर आडवी नेलेली जाड फांदी. भावानं फोटो मोठा करून पाहिला, जोड होता. शंभर वर्षांच्या वेलीबद्दल मी जे काही वाचलं होतं, त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मामांनी एका नजरेत सांगितली होती. त्या गोष्टीकडे पुढे येतोच.

आधी लाल रंगाचं. काळ्या द्राक्षाचा मणी चिमटून पाहा, थोडे वाण सोडले तर रस पांढराच निघतो. रंग सगळा सालीत असतो, अँथोसायनिन नावाच्या द्रव्यात. म्हणून लाल वाइन करताना रस काढून घेत नाहीत, सालीबियांसकट आंबायला ठेवतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. वायूच्या जोरानं साली वर येऊन जाड थर बसतो. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो, नाहीतर वरच्या साली कोरड्या पडून आंबूस होतात. एका लिटरमध्ये साधारण १७ ग्रॅम साखर संपली की एक टक्का अल्कोहोल होतं. म्हणजे लिटरला २४० ग्रॅम साखरेचा रस असेल तर वाइन १४ टक्क्यांच्या आसपास जाते. सालीतून आणि बियांतून टॅनिनही उतरतं, कोऱ्या चहाचा घोट जिभेवर जसा ओढ देतो तेच द्रव्य. पुढे रंग आणि टॅनिन एकमेकांना धरून मोठे रेणू करतात, ओढ मवाळ होते, आणि जांभळा रंग वर्षागणिक विटकरीकडे झुकतो.

यात वेलीचं वय कुठं येतं?

लोकांचा समज असा की जुन्या वेलीची मुळं खोल जातात, खडकातलं काहीतरी ओढून आणतात आणि तेच वाइनमध्ये उतरतं. यातला पहिला भाग काही जागी खरा आहे. द्राक्षाची बहुतेक मुळं वरच्या मीटरभर मातीतच असतात, पण कोरडवाहू वेल वर्षानुवर्षं पाण्याच्या मागे खाली जाते, आणि भेगाळलेला खडक मिळाला तर कित्येक मीटर जाते. अशा वेलीला एखादा कोरडा उन्हाळा जाणवत नाही. पण आमच्याकडे बाग ठिबकवर असते. नळीखालीच पाणी मिळतं म्हटल्यावर मुळांचा गड्डा तिथंच दाटतो. अशा वेलीला पन्नास वर्षं ठेवलं तरी तिची मुळं ॲडलेडजवळच्या बरोसा खोऱ्यातल्या जुन्या वेलीसारखी होणार नाहीत. खोल मुळं ही वयाची कमाई नाही, तहानेची आहे.

मला जास्त पटते ती दुसरी गोष्ट, आणि ती मामांच्या बागेत डोळ्यांनी पाहता येते. छाटून पडलेल्या काड्यांतली पेन्सिलीएवढी जाड, पिकून तपकिरी झालेली एक काडी मी उचलली, कात्रीनं तिरपी कापली आणि प्रथमोपचाराच्या डब्यातलं टिंक्चर आयोडिन दोन थेंब टाकलं. मिनिटभरात कापलेल्या तोंडावर निळसर काळ्या रेघा उमटल्या, मधल्या भेंडापासून सालीकडे, चाकाच्या आऱ्यांसारख्या. मग एक हिरवट, कच्ची राहिलेली काडी घेतली. तिच्यावर आयोडिनचा पिवळट डाग तसाच राहिला, रेघ जवळजवळ नाहीच. मामी म्हणाल्या, "तांदळाच्या पेजेवर टाकलं की असंच होतंय." अगदी तेच. पिष्ट, म्हणजे स्टार्च.

वेल पानांत साखर करते, घडांना देते, आणि उरलेली पिष्ट करून काडी, ओलांडा, खोड आणि मुळं यांत साठवते. छाटणीनंतर डोळा फुटतो तेव्हा झाडावर एकही पान नसतं. पहिली पाच-सहा पानं या साठ्यावरच निघतात, आणि ती निम्म्यापर्यंत वाढेतो वेल घरच्या कणगीतलंच खात असते. आता हिशेब करा. बोटाएवढ्या खोडात किती मावणार आणि मांडीएवढ्या खोडात किती? म्हाताऱ्या वेलीची कणगी मोठी. ढगाळ हवेचा आठवडा, करप्यानं गेलेली पानं, उशिरा आलेला पाऊस, यांनी कोवळी वेल भांबावते. तिची फूट कमीजास्त होते, एका वेलीचा घड पिकतो आणि शेजारचीचा आंबट राहतो. जुनी वेल साठ्यातून भरून काढते. वाइन करणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. त्याला एकाच दिवशी तोडणी करून एकाच टाकीत भरायचं असतं, त्यामुळे सगळे घड सारखे पिकणं हीच अर्धी गुणवत्ता.

आमच्याकडे मात्र या कणगीला वर्षातून दोनदा हात लागतो. युरोपात आणि बरोसात थंडी पडली की वेल पानं टाकून झोपते आणि वसंतात एकदाच फुटते. आपली वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नुसती काडी तयार करायची, तिच्यात घडनिर्मिती होऊ द्यायची, आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी घेऊन, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावून माल धरायचा. दोन छाटण्या म्हणजे साठ्यातून दोनदा उचल. पावसाळ्यात काडी नीट पिकली नाही तर भरणा होतच नाही, आणि हीच तूट वर्षानुवर्षं साचते. आमच्या बागा पंधराव्या वर्षी थकतात त्यामागे क्षारपड पाणी आहे, रोग आहेत, जादा माल धरण्याची ओढ आहे, पण ही दुहेरी उचलही आहे असं माझं मत.

हवामानाचा आणखी एक फरक वाइनवर थेट उतरतो. युरोपात द्राक्ष पिकतं ते उन्हाळा ओसरताना, रात्री गार होत जातात तेव्हा. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढत असताना. मण्यातलं मॅलिक आम्ल उष्णतेत श्वसनात जळून जातं, आणि रात्री गरम असतील तर सालीत रंगही कमी धरतो. साखर धावत पुढे जाते, आम्ल मागे राहतं. त्यामुळे इथं तोडणीचा दिवस चुकला तर वाइन सपक होते.

वयाबद्दल प्रयोग काय सांगतात? जर्मनीत गाइसेनहाइम इथं रिस्लिंग या पांढऱ्या द्राक्षाच्या एकाच बागेत १९७१, १९९५ आणि २०१२ अशा तीन वेळच्या लावणीच्या ओळी शेजारी शेजारी आहेत, वाण तोच, आणि ज्याच्या मुळांवर कलम केलं तो खुंटही तोच. तिथं ठळक फरक दिसला तो अगदी कोवळ्या वेली आणि बाकीच्या यांत. १९७१ आणि १९९५ च्या वेली बऱ्याच सारख्या वागल्या. बरोसातल्या शिराझच्या पाहणीतही वय वाढलं म्हणून माल घटतोच असं निघालं नाही. म्हणजे वय हे दरवर्षी एकेक गुण वाढवत नेणारं काही नाही. वेल एकदा नीट जमली, खोड भरलं, की ती त्या पातळीवर टिकते.

मग शंभर वर्षांच्या वेलींची वाइन इतकी चांगली का लागते? कारण वाईट वेली शंभर वर्षं कुणी ठेवत नाही. ज्या बागेची जमीन बरी नव्हती, ज्या वेलीत पानं मुरडणारा विषाणू शिरून घड नीट रंगत नव्हते, त्या कधीच उपटल्या गेल्या. उरल्या त्या प्रत्येक पिढीनं पारखून ठेवलेल्या.

शिवाय नशीब लागतं. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या इवल्या किडीनं फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. १८६८ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुळांवर शोधली, आणि अमेरिकी खुंटावर कलम करणं हाच तोडगा ठरला. आपण डॉगरीज खुंटावर डोळे भरून कलम करतो, ती रीत तिथून आलेली, फक्त आपलं कारण क्षार आणि दुष्काळ. ही कीड दक्षिण ऑस्ट्रेलियात पोचलीच नाही. म्हणून बरोसात १८४३ मध्ये लावलेली शिराझ आजही स्वतःच्या मुळांवर उभी आहे आणि फळ देते. पण तिथंही १९८० च्या दशकात माल जास्त, भाव नाही अशी वेळ आली, आणि सरकारनं बागा उपटायला पैसे दिले. कितीतरी जुन्या शिराझ तेव्हा गेल्या. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तिकडं पण तसंच व्हय?" २००९ मध्ये बरोसाच्या बागायतदारांनी वयाच्या पायऱ्या ठरवल्या. ३५ वर्षांपुढची जुनी, मग ७०, १०० आणि १२५. त्याआधी बाटलीवर 'जुनी वेल' कुणीही लिहावं अशी स्थिती होती.

कर्नाटकाचं वाइन धोरण २००७ चं. कृष्णाकाठच्या बेळगाव, विजापूर, बागलकोट पट्ट्यात वाइनसाठी लावलेल्या वेली त्यामुळे बहुतेक तरुणच आहेत. त्यांच्यातली ३५ वर्षांची बाग पाहायची तर त्यांना आता न उपटता राखावं लागेल, आणि कर्जाच्या हप्त्यांवर चालणाऱ्या बागेत हे बोलणं सोपं आहे, करणं नाही. पण खोड मरू लागलं म्हणून बाग संपत नाही, एवढं तरी लोकांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं. छाटणीच्या जखमेतून बुरशी आत शिरते, ओलांडा वाळतो, आडवा कापला तर आत पाचरीसारखा काळपट भाग दिसतो. निरोगी लाकूड लागेपर्यंत खाली कापायचं आणि खोडावरचा फुटवा धरून नवा ओलांडा बांधायचा. मुळं जुनीच, त्यातला साठा जुनाच, वरचं अंग नवं. फोटोतल्या त्या वेलीला कुणीतरी हेच केलं होतं.

संध्याकाळी मामांनी मला बागेच्या टोकाला नेलं. तिसऱ्या ओळीतल्या एका वेलीचं अर्धं अंग वाळलं होतं. बाकी फुटवे त्यांनी खुडले होते, पण खोडावर, जमिनीपासून दोन विती वर, एक ठेवला होता आणि सुतळीनं बांबूला सैल बांधला होता. वीतभर लांब, चार पानांचा.

"पावसाळ्यापतूर तारंला लागतंय बघ," मामा म्हणाले, आणि सुतळीची गाठ थोडी वर सरकवली.