चौथी की पाचवी? मराठवाड्यातल्या हुशार मुलांना शोधणाऱ्या परीक्षेची पार्श्वभूमी

चौथी-सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा परत येणार हे कळल्यापासून मराठवाड्यातल्या शिक्षकांच्या गटांवर एकच विषय आहे: सराव पेपर कुठले घ्यायचे आणि ज्यादा तास कधी लावायचे. ही परीक्षा पाचवी-आठवीत गेली कशी आणि दहा वर्षांत परत का आणावी लागली, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. ते बोलायला हवं. आपल्या वाड्या-तांड्यांवर असामान्य बुद्धीचं मूल ओळखायचं साधन म्हणून बहुतेक वेळा हीच एक परीक्षा होती.

जुनं थोडक्यात सांगतो. बुद्धिमापनाची पहिली चाचणी १९०५ साली पॅरिसमध्ये तयार झाली, ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखण्यासाठी. पुढे अमेरिकेत तीच मोजपट्टी अतिशय हुशार मुलं शोधायला वापरली गेली. १९३० च्या दशकात धारवाडला या चाचणीची मराठी आणि कानडी रूपं झाली, पण ती मुंबई इलाख्यातल्या मुलांसाठी. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि बहुतेक खेड्यांत शाळाच नव्हती. १९४८ ला मुक्ती, १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्यात समावेश, १९५८ ला स्वतःचं विद्यापीठ. या काळात मूल शाळेत टिकलं हेच घराला मोठं वाटायचं. त्यातलं कोणतं मूल विलक्षण आहे, हा प्रश्न पुढचा होता.

तो प्रश्न सरकारी पातळीवर ठळकपणे आला १९६० च्या दशकात. ग्रामीण भागातली हुशार मुलं निवडून त्यांना निवासी शिक्षण द्यायचं म्हणून राज्यात मोजकी शासकीय विद्यानिकेतनं उघडली, त्यातलं एक औरंगाबादला. निवड चौथीनंतर, प्रवेश पाचवीत. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासून होतीच, तीही चौथी आणि सातवीत. तेव्हा खेड्यातली प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असायची. त्यामुळे गुरुजींनी चार वर्षं पाहिलेलं मूल त्यांच्याच हातून परीक्षेला बसायचं आणि नंबर लागला तर गाव सोडून पुढे जायचं.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने नवोदय विद्यालयं, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळा, आणली. पहिल्या दोन शाळांपैकी एक अमरावतीची. आपल्याकडे गढी, तुळजापूर, शंकरनगर, कन्नड ही नावं घरोघरी झाली ती त्यामुळे. सहावीच्या वर्गाला ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना. परीक्षेचे निम्मे गुण आकृत्यांच्या मानसिक क्षमता चाचणीला. घरात पुस्तक नसलेल्या मुलालाही आकृती ओळखता येते, हा त्यामागचा विचार मला आजही मोलाचा वाटतो. पण परीक्षा म्हटली की तयारी आली. आकृत्यांचीही गाइडं निघाली.

त्याच सुमाराला लातूर पुढे आलं. ज्यादा तास, एकाच घटकावर पुन्हा पुन्हा चाचण्या, शिक्षकांची झोकून देऊन केलेली मेहनत आणि बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकणारी नावं. मागास म्हणून हिणवलेल्या भागाने पुण्या-मुंबईला मागे टाकलं, याचा अभिमान खरा होता आणि रास्तही होता. मात्र हुशार मूल म्हणजे भरपूर गुण मिळवणारं मूल, हे समीकरण त्याच वर्षांत पक्कं झालं. यादी बंद झाली तरी समीकरण गेलं नाही. आता त्या जागी वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा आली आणि आठवीतच मूल लातूर-नांदेडच्या खोलीवर ठेवायची घाई सुरू झाली.

आता मुद्द्याचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी विभागणी केली. आपल्याकडे ती चौथी आणि सातवी होती. केंद्राच्या रचनेशी जुळवून घ्यायचं म्हणून २०१५ मध्ये शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी-आठवीला नेण्याचा निर्णय झाला आणि २०१७ च्या फेब्रुवारीत नव्या वर्गांची पहिली परीक्षा झाली. कागदावर हे सरळ होतं. टप्पा संपतो तिथे परीक्षा, आणि मूल एका वर्षाने मोठं झाल्यामुळे ताणही कमी.

गावातलं वास्तव निराळं होतं. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांना पाचवीचा वर्गच नव्हता. चौथी झाली की मूल शेजारच्या गावच्या किंवा तालुक्याच्या, पाचवी ते दहावीच्या खासगी शाळेत जायचं. पाचवीचा वर्ग झेडपीच्या शाळेला जोडायचे आदेश निघाले, पण खोली आणि शिक्षक प्रत्येक ठिकाणी मिळाले नाहीत. परिणाम असा झाला की चार वर्षं मूल पाहणाऱ्या गुरुजींच्या हातून परीक्षा गेली आणि जून महिन्यात ओळख झालेल्या शिक्षकाकडे ती आली. फेब्रुवारीत पेपर. साठ मुलांच्या वर्गात कोण वेगळं आहे हे कळायला आठ महिने पुरत नाहीत. शिष्यवृत्तीधारकांची यादी खासगी शाळेच्या फलकावर लागायची आणि पालक पहिलीपासूनच खासगी शाळांकडे वळायचे. झेडपीचा पट घसरायला इतर कारणंही होती, हे मान्य. पण ज्या शाळेत दाखवण्यासारखं काही उरत नाही, तिथे पालक थांबत नाहीत.

या निर्णयाची बाजू घेणाऱ्यांचा एक मुद्दा मी गंभीरपणे घेतो. नऊ-दहा वर्षांच्या पोरांना गाइडात डांबणं वाईटच. फक्त दहा-अकराव्या वर्षी तेच करणं चांगलं कसं, याचं उत्तर मला कुठे सापडलं नाही. परीक्षा तशीच गुणांच्या स्पर्धेची राहिली: नव्या रचनेत दोन पेपर, एकूण ३०० गुण, त्यातले १०० बुद्धिमत्ता चाचणीला. बदलला तो मुलाला ओळखणारा माणूस, आणि त्याचा विचार आदेशात नव्हता.

रकमेचंही असंच. अनेक वर्षं शिष्यवृत्ती इतकी तुटपुंजी होती की वर्षाच्या वह्याही त्यात येत नसत. २०२३ मध्ये ती पाचवीला वर्षाला ५,००० आणि आठवीला ७,५०० रुपये झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये परीक्षा पुन्हा चौथी-सातवीत आणायचं ठरलं. संक्रमणाचं वर्ष म्हणून २०२५-२६ मध्ये चारही वर्गांची परीक्षा: पाचवी-आठवीची फेब्रुवारीत, चौथी-सातवीची एप्रिल-मेमध्ये.

वर्ग परत आला, तरी परीक्षेच्या नजरेतून सुटणारी मुलं सुटतातच. गणितात दोन इयत्ता पुढे आणि अक्षर मात्र पहिलीतलं, असं मूल असतं. मनाने मोठ्यांच्या गप्पांत रमणारं, पण हरलं की पाच वर्षांच्या पोरासारखं रडणारं असतं. बुद्धी आणि भावना एकाच वेगाने वाढत नाहीत, हे मानसशास्त्राने कधीच सांगून ठेवलंय. आपल्याकडे अशा मुलाला ‘आगाऊ’, ‘उलट बोलणारं’ म्हणतात. सोपं काम पुन्हा पुन्हा दिलं की ते खोड्या काढतं. मुलगी असेल तर गप्प बसते, आणि तिचं गप्प बसणं सगळ्यांना आवडतं. २०२० च्या धोरणात अशा मुलांसाठी जादा समृद्ध साहित्य आणि मार्गदर्शन द्यावं, असं लिहिलंय. ते शिक्षकाने कसं करायचं याचं प्रशिक्षण वस्तीवरच्या शाळेपर्यंत पोचलेलं नाही. १९९३ च्या भूकंपानंतर पुण्याच्या एका संस्थेने लोहारा तालुक्यातल्या हराळीत निवासी शाळा उभी केली. बुद्धिमान मुलांसोबत काम करण्याचा त्या संस्थेचा अनुभव त्यामुळे मराठवाड्याच्या मातीपर्यंत आला. तशी कामं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

आणि कोयत्याबरोबर, म्हणजे ऊसतोडीला निघालेल्या आईबापांसोबत जाणारी मुलं. बीड, जालना, धाराशिव, परभणीतून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि बहुतेक पाडव्याच्या सुमाराला परततात. शिष्यवृत्तीचा फेब्रुवारी नेमका त्यात येतो. काही मुलं हंगामी वसतिगृहात गावीच राहतात, बाकीची फडावर असतात आणि पटावर गैरहजर. त्यातलं कोण दोन इयत्ता पुढचं आहे, हे पाहायला तिथे कुणी नसतं. संक्रमणाच्या वर्षी चौथी-सातवीचा पेपर उन्हाळ्यात ठेवला, तो वेगळ्या कारणाने. पण परीक्षेच्या दिवशी टोळ्या गावात असण्याची सोय त्यामुळे झाली. हा उन्हाळ्याचा पेपर एका वर्षापुरता न ठेवता निदान ऊसतोडीच्या तालुक्यांसाठी कायम करावा, अशी मागणी शिक्षकांनी आणि पालकांनी आत्ताच लावून धरायला हवी. परीक्षा पुन्हा फेब्रुवारीत गेली की ती बदलून घ्यायला आणखी दहा वर्षं जातील.