क्रॉप केला, म्हणजे कडा कापल्या, की फोटो खोटा? नाही हो

"खरा फोटो तोच जो कॅमेऱ्यातून जसाच्या तसा येतो" हे कित्येक वर्षं फिरतंय, पण कॅमेऱ्यातून तयार होऊन येणारी फोटोची फाइल, म्हणजे जेपेग, आधीच कॉन्ट्रास्ट, रंग, शार्पनिंग लावून आलेला असतो, म्हणजे एडिटिंग झालेलंच असतं, फक्त तुमच्याऐवजी कंपनीने ठरवलेलं. अमेरिकन निसर्ग-छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९४१ च्या 'मूनराइज, हर्नांडेझ' या आपल्या गाजलेल्या फोटोचं आकाश नंतरच्या प्रिंट्समध्ये चांगलंच काळं केलं, आणि तो तर डिजिटलच्या आधीचा, फिल्मवर फोटो काढणारा माणूस! जंगलातल्या जवळच्या फ्रेममध्ये असं एडिटिंग लागतंच, कारण पानांमधून डोकावणारा आकाशाचा पांढरा तुकडा कडेला राहिला की नजर तिकडेच पळते, तो क्रॉप करा, हायलाइट्स, म्हणजे फार उजळ भाग, थोडे उतरवा, सावल्या मात्र उगाच उजळत बसू नका, जंगलाचा गर्दपणा त्यातच असतो. नसलेलं झाड आणून चिकटवणं वेगळं, तिथे मी पण भांडेन.