‘सेकंड डिव्हिजन’ नेमकी कितवी? छोट्या फुटबॉल क्लबांच्या जमाखर्चाची पार्श्वभूमी

“आम्ही सेकंड डिव्हिजन खेळतो,” असे एखाद्या क्लबचा सचिव सांगतो, तेव्हा आधी साल विचारावे लागते. २०१६ साली ती तेव्हाच्या राष्ट्रीय लीगच्या, म्हणजे आयलीगच्या, लगेच खालची पायरी होती. २०१९-२० पासून इंडियन सुपर लीग (आयएसएल) ही फ्रँचायझी संघांची स्पर्धा अधिकृतपणे देशातली अव्वल लीग झाली, आयलीग दुसऱ्या पायरीवर आली आणि सेकंड डिव्हिजन कोणी न हलवता तिसरी होऊन बसली. पुढे तिचे नाव ‘आयलीग-२’ पडले. नावात दोन आहे, पायरी तिसरी. तिच्याखाली आलेली ‘आयलीग-३’ ही अर्थातच चौथी. त्यात शहरांच्या स्थानिक लीगमध्येही फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा वेगळ्या डिव्हिजन असतात, त्यामुळे मुंबईतल्या क्लबची ‘सेकंड डिव्हिजन’ म्हणजे राष्ट्रीय की शहरातल्या कूपरेज मैदानाच्या आसपासची, हा आणखी एक प्रश्न.

हा शब्दच्छल वाटेल, पण तो पैशांचा मामला आहे. प्रायोजकाच्या केबिनमध्ये पहिला प्रश्न येतो तो हाच: “म्हणजे कितव्या नंबरची लीग?” एकही सामना न हरता, खाली न घसरता संघ दोनाचा तीन झाला, हे पाच मिनिटांत समजावून सांगणे अवघड असते. बहुतेक सचिव मग समजावत बसत नाहीत. “नॅशनल लेव्हल” म्हणतात आणि पुढच्या कागदाकडे वळतात.

जुना काळ थोडक्यात. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषक होता, तो २००१ च्या सुमारास बंद पडला. त्या काळातले नावाजलेले संघ बहुतेक गिरण्यांचे, बँकांचे, रेल्वेचे, कंपन्यांचे. खेळाडू कंपनीच्या मस्टरवर असे. सकाळी सराव, मग ऑफिस, मोसमात सवलत, आणि गुडघा गेला तरी नोकरी शाबूत. क्लबच्या वहीत खर्च दिसे तो बूट, जर्सी, प्रवास आणि मध्यंतरातल्या संत्र्यांचा. सर्वांत मोठा खर्च, म्हणजे पगार, भलत्याच खात्यातून जात असे. ‘पूर्वी क्लब कमी पैशांत चालायचे’ असे म्हणणारे नेमके हेच विसरतात. पैसे लागत होतेच, ते क्लबच्या वहीत लिहिले जात नव्हते इतकेच. गोव्यात तीच भूमिका खाणमालक घराण्यांनी निभावली.

१९९६ मध्ये राष्ट्रीय लीग आली आणि २००७ मध्ये तिची आयलीग झाली. त्या पहिल्या मोसमातल्या दहा संघांत गोव्याचे चार होते: डेम्पो, चर्चिल ब्रदर्स, साळगावकर आणि स्पोर्टिंग. मुंबईचे दोन, महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडिया. म्हणजे दहातले सहा या किनारपट्टीवरचे. दहा वर्षांनी, २०१७-१८ च्या मोसमात, दहा संघांत गोव्याचा एकटा चर्चिल उरला होता आणि महाराष्ट्राचा एकही नव्हता. या टिपणाचा खरा विषय ही दहा वर्षे आहेत.

गळती वरून सुरू झाली. २००५-०६ चा विजेता महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याचा जेसीटी २०११ मध्ये. तोवर लीगचे प्रक्षेपण हक्क दहा वर्षांसाठी घेतलेल्या वाहिनीशी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा करार अर्ध्यातच, २०१० साली, मोडला होता. डिसेंबर २०१० मध्ये महासंघाने सगळे व्यावसायिक हक्क एका विपणन भागीदाराला १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना दिले. सरासरी काढली तर वर्षाला साधारण ४७ कोटी. महासंघाचे घर त्यावर चालू लागले. क्लबांच्या पदरात मात्र प्रवासापोटी मिळणाऱ्या अनुदानापलीकडे फारसे काही पडले नाही, आणि चार वर्षांत त्याच भागीदाराची नवी लीग, म्हणजे आयएसएल, उभी राहिली.

मधल्या काळात परवान्याचे प्रकरण आले. आशियाई महासंघाच्या निकषांनुसार क्लब ही स्वतंत्र कायदेशीर संस्था हवी, हिशेब तपासलेले हवेत, मैदानाचा करार, युवा संघ, पात्रताधारक प्रशिक्षक, वैद्यकीय व्यवस्था हवी. यातली एकही अट वावगी नाही. पण २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी बाहेर गेले ते याच निकषांवर. खेळाडूंना कायमची नोकरी देणारा संघ हा जो जुन्या पद्धतीचा गुण होता, तोच नव्या फॉर्मवर दोष ठरला. २०१४ मध्ये चर्चिल ब्रदर्सने फेडरेशन चषक जिंकला आणि त्याच वर्षी परवान्याअभावी लीगमधली जागा गमावली.

परवाना हातात आला तरी रोजचा खर्च वेगळाच. कुठल्याही खालच्या डिव्हिजनमधल्या क्लबची सामन्याच्या दिवसाची वही उघडा: मैदानभाडे, रुग्णवाहिका, डॉक्टर, पोलीस बंदोबस्त, रेषा मारायचा चुना, बॉलबॉयना वडापाव, पाण्याचे जार, बर्फाची लादी, केळी, चिकटपट्टी. स्पोर्ट्सची महागडी टेप संपली की सॉक्स साध्या चिकटपट्टीने बांधतात, ती बहुधा सचिवाच्या दुचाकीच्या डिकीत असते. तिकीटविक्रीच्या रकान्यात बहुतेकदा आडवी रेघ, कारण प्रवेश फुकट. तिकीट लावले तर गेटवर माणूस बसवावा लागतो आणि त्याचा भत्ता गोळा झालेल्या पैशांपेक्षा जास्त होतो. बाहेरगावचा सामना म्हणजे वीस-पंचवीस माणसांचा प्रवास आणि मुक्काम. वेळापत्रक उशिरा हातात पडले की तत्काळची तिकिटे, नाहीतर विमान. ऐझॉल किंवा इंफाळ निघाले तर विमानच, कारण रेल्वेने गेलात तर खेळाडू सामन्याआधीच थकतो. आणि या सगळ्याच्या आधी पगार.

पुण्याचे उदाहरण यात उठून दिसते. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी दोन वर्षांत आयलीगमध्ये पोहोचला, २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला, त्याची युवा अकादमी देशात नावाजली गेली. २०१४-१५ मध्ये याच शहरात तीन व्यावसायिक संघ होते: पुणे एफसी, एका उद्योगसमूहाने थेट प्रवेश घेऊन उतरवलेला भारत एफसी, आणि आयएसएलची फ्रँचायझी. सामने सगळे बालेवाडीला, म्हणजे पेठेतल्या माणसाला दुसऱ्या गावाला गेल्यासारखेच. भारत एफसी एका मोसमात आटोपला. पुणे एफसीचा ज्येष्ठ संघ २०१५ मध्ये बंद झाला. २०१९ मध्ये फ्रँचायझीही हैदराबादला गेली. तिघांच्याही मागे पैसेवाले मालक होते, हे लक्षात ठेवायला हवे. पैसा नव्हता म्हणून बंद पडले असे यांच्याबाबत म्हणता येत नाही. घातलेला पैसा परत येण्याची वाटच दिसेना.

ती वाट बंद होण्याचा दिवस दाखवायचा तर मे २०१६ कडे बोट दाखवावे लागेल. महासंघाने नवा आराखडा मांडला: वर आयएसएल, तिच्याखाली आयलीगची नवी आवृत्ती, तिच्याखाली आणखी एक. पहिल्या आणि दुसऱ्या पायरीत काही वर्षे ना पदोन्नती, ना पदावनती. म्हणजे खालच्या संघाने कितीही जिंकावे, वर जाण्याचा रस्ता फक्त शुल्क भरून. महासंघाचे म्हणणे असे की फ्रँचायझी मालकांनी कोट्यवधी ओतले आहेत, त्यांना स्थैर्य हवे; एका खराब मोसमात खाली ढकलले तर उद्या कोण गुंतवणूक करेल? हा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर तोच प्रश्न उरतो: वर जाता येणार नसेल तर खालच्या संघात कोण गुंतवणूक करेल? त्याचे उत्तर त्या आराखड्यात नव्हते.

गोव्याने उत्तर दिले. त्या पावसाळ्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग आयलीगमधून बाहेर पडले. मग डेम्पो. पाच राष्ट्रीय विजेतेपदे नावावर असलेला हा संघ २०१४-१५ मध्ये खाली घसरला होता. पुढच्याच वर्षी सेकंड डिव्हिजन जिंकून त्याने वरची जागा कमावली आणि मग ती सोडून दिली. ‘खाणबंदीमुळे गोव्याचे क्लब बुडाले’ असे सर्रास लिहिले जाते. २०१२ च्या बंदीने गोव्यातल्या पैशांचा ओघ आटला हे खरेच, पण डेम्पोंनी खाणव्यवसाय २००९ मध्येच विकला होता. एकाच वर्षी, एकाच आराखड्यानंतर तिघे बाहेर पडले, त्याचे खापर खाणींवर फोडणे महासंघाच्या सोयीचे आहे, एवढेच म्हणतो.

त्यातून जे घडले ते कोणी गोष्टीत लिहिले असते तर अतिशयोक्ती वाटली असती. २०१५-१६ मध्ये घसरलेल्या ऐझॉल एफसीला गोव्याच्या रिकाम्या जागांमुळे परत बोलावले गेले, आणि ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी साधून तो संघ आयलीगचा विजेता झाला. बक्षीस एक कोटी. त्याच वर्षी आयएसएलमध्ये दोन नवे संघ घेतले गेले, त्यासाठी वर्षाला किमान १५ कोटी मोजायची अट होती. मिझोरमचा विजेता त्या रांगेत उभाच राहू शकत नव्हता. याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन घसरला आणि मालकांनी ज्येष्ठ संघ गुंडाळला.

ऑक्टोबर २०१९ मध्ये क्वालालंपूरच्या बैठकीत तडजोड ठरली. २०२२-२३ पासून आयलीगचा विजेता प्रवेशशुल्काशिवाय वर जाईल. तोवर जिंकलेल्यांचे काय? गोकुलम केरळने २०२०-२१ आणि २०२१-२२ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली आणि जागच्या जागी राहिला. २०१८-१९ चा विजेता चेन्नई सिटी तर दोन मोसमांत परवान्याअभावी लीगमधूनच गेला. आणि ‘प्रवेशशुल्क नाही’ या शब्दांची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही: शुल्क नाही, तसा मध्यवर्ती उत्पन्नातला वाटाही नाही. पदोन्नती मिळाली की परदेशी खेळाडू, मोठे मैदान, मोठा कर्मचारीवर्ग असा खर्च कित्येक पटींनी वाढतो आणि ठरलेली आवक तेवढी वाढत नाही. वर गेलेल्या एका जुन्या क्लबच्या खेळाडूंनी २०२५ च्या सुरुवातीला थकलेल्या पगारासाठी सरावच थांबवला, तो यामुळेच. मुंबईच्या केंकरेची गोष्ट आणखी लहान: २०२१-२२ मध्ये आयलीगमध्ये जागा, २०२२-२३ अखेर पुन्हा खाली.

कोल्हापूरकर हे सगळे वाचून हसत असतील. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा असला की जागा मिळत नाही. तिथले संघ पेठेच्या वर्गणीवर, तालमीच्या नावावर, गल्लीतल्या उद्योजकाच्या आणि नेत्याच्या खिशावर चालतात. नायजेरियाचे खेळाडूही आणतात. बालेवाडीला परवाना होता आणि गर्दी नव्हती, इथे गर्दी आहे आणि राष्ट्रीय परवान्याच्या वाटेला कोणी फारसे जात नाही. का जावे, हाही प्रश्नच आहे. पेठेचा पैसा पेठेतल्या ईर्षेसाठी निघतो. ऐझॉलच्या तिकिटासाठी निघेल असे वाटत नाही.

गेल्या दोन वर्षांत वहीत एक नवे खाते उघडले गेले आहे, वकिलाचे. डेम्पो २०२४-२५ मध्ये आयलीग-२ मधून वर येऊन पुन्हा आयलीगमध्ये खेळला, पण त्या मोसमाची चर्चा झाली ती दुसऱ्या गोव्याच्या संघाची. मैदानावरचे सामने संपले तेव्हा चर्चिल ब्रदर्स ४० गुणांवर अव्वल आणि वाराणसीचा, दोनच वर्षांचा इंटर काशी ३९ वर होता. अपात्र खेळाडू, नोंदणीचे नियम, अपील समित्या असे करत प्रकरण स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादापर्यंत गेले. एप्रिलमध्ये मडगावात चर्चिलच्या हाती चषक देण्यात आला. १८ जुलै २०२५ रोजी लवादाने विजेता इंटर काशी असल्याचे ठरवले, म्हणजे आयएसएलची दारेही त्यालाच. त्याच्या आठवडाभर आधी, ११ जुलैला, आयएसएलच्या आयोजकांनी नवा मोसम स्थगित केल्याचे कळवले होते, कारण २०१० चा तो १५ वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता. पुढच्या हक्कांसाठी महासंघाने निविदा काढली. नोव्हेंबरमधल्या शेवटच्या तारखेपर्यंत एकही बोली आली नाही.